तिसऱ्या खांबाचं पोट

आसेगाव
रविवार, १९ जानेवारी १९७५

सैफूभाई,

जयभीम आणि सलाम, दोन्ही एकदमच घे. चौदा वर्षांचे साठले आहेत.

अक्षर ओळखलंस का? ओळखणार कसं म्हणा, तू कुठे वाचतोस. मंगरूळपीरला दर्ग्याजवळ तुझ्या पुतण्याचं, फय्याजचं, सायकलीचं दुकान आहे. त्याच्याकडून तुझा नांदेडचा पत्ता मिळवला. तीन खेपा घातल्या. पहिल्या दोन खेपांना तो म्हणाला, "चाचानं मना केलं हाय, कोनाले पत्ता द्यायचा नाई." तिसऱ्या वेळी मी सायकलीत हवा भरून घेतली आणि तिथेच बसून राहिलो. शेवटी गिऱ्हाईकं बिचकायला लागली तेव्हा त्याने दिला. तोच म्हणाला की चाचाची पत्रं फरहत वाचून दाखवते, ती आता शाळेत शिकवते.

तर फरहत बेटी, आधी तुलाच सांगतो. तू सहा वर्षांची असताना या माणिकचाचाच्या खांद्यावर बसून नदीतले मासे मोजायचीस आणि वीसच्या पुढे सगळे आकडे चुकायचीस. आता मुलांना काय शिकवतेस देव जाणे. हे पत्र अब्बांना मोठ्याने वाचून दाखव. ते उठून जायला लागले तर दारापर्यंत वाचत जा.

सैफू, पत्राला कारण आपला पूल. आसेगावहून मंगरूळला जातानाचा, पाच गाळ्यांचा, चार दगडी खांबांचा. तू गवंड्यांचा मिस्त्री होतास आणि मी मजुरांवर होतो. मी अजून त्याच रस्त्यावर आहे, सरकारी मुकादम झालो आहे, आणि डोक्यावरचे केस तुझ्याएवढेच उरले असावेत. आमच्याकडे हेमसिंग राठोड नावाचे नवे ओव्हरसियर आले आहेत. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, वय सव्वीस. त्यांनी वरून मंजुरी आणली आहे की हा पूल भूकंपाला टिकेल असा पक्का करायचा.

गावात आधी सगळे हसले. आमची विमल म्हणाली, "इथं कायचा भूकंप? तुमी घोरता तेवडाच." हेमसिंग साहेब म्हणाले की कोयनेलाही कोणाला वाटलं नव्हतं. मग त्यांनी चहाच्या टपरीवर दोन ग्लास उपडे ठेवले, त्यावर टपरीवाल्याच्या पोरीची पाटी ठेवली आणि बाकडं हलवलं. पाटी सरकून खाली पडली. ग्लास तसेच उभे. "पूल असा पडते," ते म्हणाले. "खांब राहतात, वरचा स्लॅब सरकते. मंग मंगरूळहून ना डाक्टर येत, ना दान्याचा ट्रक. आसेगावले दुसरा रस्ता हाय काय?" त्यानंतर कोणी हसलं नाही. पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून नदीपलीकडे न्यायचे ते दिवस अजून सगळ्यांच्या लक्षात आहेत.

काम असं आहे. खांबाचे माथे रुंद करायचे आणि त्यावर काँक्रीटचे ठोकळे उभे करायचे, म्हणजे स्लॅब हलला तरी घसरणार नाही. आणि चारही खांबांच्या दगडांत भोकं पाडून सळया रोवायच्या, त्या सळयांना जाळी बांधून भोवती वीतभर जाड काँक्रीट ओतायचं. मजूर त्याला खांबाची बंडी म्हणतात. विमल म्हणते, खांबाला नवी बंडी आणि माझ्या माणसाला फाटकी.

तुला एकच विचारायचं होतं. तिसऱ्या खांबाच्या पोटात तू भर कशी केली होतीस, आठवतं का? मी सहज विचारतो आहे.

जुबेदाभाभीला सलाम.

तुझा,
माणिक


आसेगाव
रविवार, २ मार्च १९७५

सैफूभाई,

तुझं उत्तर आलं नाही. फय्याज म्हणाला की पत्र पोहोचलं, वाचलं, आणि चाचा काही बोलला नाही. जुबेदाभाभी दोन वर्षांपूर्वी गेल्या हेही त्यानेच सांगितलं. मला ठाऊक नव्हतं रे. मी सलाम लिहिला आणि फरहतला तो वाचावा लागला. बेटी, माफ कर. तुझ्या अम्मीच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी मी आणि तुझे अब्बा त्या पुलावर एका फडक्यात खायचो. त्या काळात माझ्याबरोबर एका फडक्यात खाणारे गावात फार नव्हते.

इकडे काम जोरात आहे. पहिल्या दोन खांबांच्या सळया रोवून झाल्या. शिरपूरला जाणाऱ्या जैन यात्रेकरूंची बस पुलावर हळू होते आणि लोक खिडकीतून विचारतात, "काय करून राह्यले?" आमचा एक मजूर आहे, खेमा. तो दर बसला नवं उत्तर देतो. काल म्हणाला की सोनं निघालं आहे.

आता जे लिहितो ते लिहायचं नव्हतं. पण तुला सांगून ठेवतो.

दगडात भोक पाडण्याआधी साहेब प्रत्येक खांब ठोकून बघायला लावतात. तू मला शिकवलं होतंस तसंच. हातोडी हलकी मारायची, कान जवळ न्यायचा. आत भर पक्की असेल तर दगड ठण्ण वाजतो. पोकळ असेल तर भद्द. हे काम साहेबांनी माझ्यावर टाकलं, कारण या रस्त्यावर माझ्याइतका जुना माणूस कोणी नाही. मी ठोकायचं, आवाज मोठ्याने सांगायचा, आणि साहेबांनी वहीत लिहायचं.

तिसऱ्या खांबाला, छातीच्या उंचीवर, नदीच्या वरच्या अंगाला, मी ठोकलं. भद्द वाजला. शेजारचा ठोकला, तोही भद्द.

मी म्हणालो, "ठण्ण, साहेब."

त्यांनी लिहून घेतलं. त्यांच्याजवळ जुनी फाईल आहे, तिच्यातही तेच आहे. सन एकसष्टच्या पुरात तिसऱ्या खांबाचा दर्शनी दगड निखळला, आत सिमेंटशिवाय नुसते गोटे भरलेले सापडले, गवंडी सैफुद्दीन याने सिमेंटची चोरी केल्याचं दिसतं, त्याला कामावरून कमी केलं, भगदाड बुजवलं. तुझं नाव तिथे लाल शाईने लिहिलेलं आहे. साहेबांनी मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "मुकादम, तुमी होते काय तवा?" मी म्हणालो, होतो. "मंग हा गवंडी चोर होता?" मी म्हणालो, साहेब, चहा गार होऊन राह्यला.

भगदाड बुजवलं म्हणजे तोंड बुजवलं. पोट तसंच आहे. त्या पोकळीत सळया रोवल्या तर त्या धरणार कशाला? आणि एकदा बंडी चढली की पुन्हा कोणाला आत बघता येणार नाही.

एकसष्टच्या चौकशीच्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी तुला विचारलं होतं, हे गोटे कोणी भरले. तू माझ्याकडे बघितलंस, मग खाली बघितलंस आणि गप्प राहिलास. तू का गप्प राहिलास, सैफू? मी चौदा वर्षं धरून चाललो आहे की तुला माहीत होतं. माहीत असून तू मला वाचवलंस. म्हणूनच तुमची नांदेडची गाडी सुटली तेव्हा मी मंगरूळच्या स्टँडवर भज्यांच्या हॉटेलामागे उभा होतो. फरहत खिडकीतून मुंडकं काढून कोणाला तरी शोधत होती. मला शोधत होती हे मला दिसत होतं.

जास्त लिहवत नाही.

माणिक


आसेगाव
रविवार, १३ एप्रिल १९७५

सैफूभाई,

उद्या बाबासाहेबांची जयंती. विहारापुढे मांडव पडला आहे, महिला मंडळाच्या बेबीताईंची लेझीम सकाळपासून चालू आहे आणि माझ्या डोक्यात घण पडताहेत. मंडळींनी उद्या मला बोलायला सांगितलं आहे. छप्पनला नागपूरला दीक्षा घेतलेल्या जुन्या माणसांपैकी मी एक, म्हणून. दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे माझा आवाज बसतो. पोरांना वाटतं म्हाताऱ्याला खोकला झाला.

सोमवारी, अठ्ठावीस तारखेला, तिसऱ्या खांबाचं काँक्रीट आहे. त्याच्या आधी तुला सांगितलं पाहिजे. फरहत बेटी, आता जरा सावकाश वाच. आणि वाचून झाल्यावर तुलाही माझा राग आला तर मला काही म्हणायचं नाही.

एकोणसाठचा हिवाळा आठव. पुलाला बळी लागतो अशी आवई उठली होती. ठेकेदार पोरं पकडून पायात पुरतो म्हणे. तांड्यावरच्या बाया पोरांना बाहेर सोडेनात, मजूर पाण्यात उतरेनात. मग ठेकेदार शालिग्रामने तोड काढली. बोकड कापला, त्याचं मुंडकं, नारळ, हळदकुंकू मडक्यात घालून लाल फडक्यात बांधलं आणि म्हणाला की हे तिसऱ्या खांबाच्या पोटात ठेवायचं. कोणी ठेवायचं? माझ्याकडे बोट केलं. "माणिक, हे तुमच्याच घराण्याचं काम. तुमच्या बापानं केलं, आज्यानं केलं."

खरंच होतं ते. दीक्षेआधी गावचं मेलेलं ढोर ओढायचं, बळीचं मुंडकं वाहायचं, ते आमच्याच घराकडे होतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही ते सोडलं होतं. माझ्या बापाने नागपूरहून आल्यावर घरातले देव नदीत सोडले आणि मला म्हणाला, "आता कोनाचं काई वाह्यचं नाई." आणि मी ते मडकं वाहिलं. दोनशे लोक बघत होते. नाही म्हटलं असतं तर शालिग्रामने दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आणला असता, आणि विमल तेव्हा पोटुशी होती. मी मान खाली घालून मडकं पोटात ठेवलं. तू वरून थर चढवलास. गुरुवार होता.

त्या संध्याकाळी मला बापासमोर जेवायला बसता येईना.

दुसऱ्या दिवशी जुम्मा. दुपारी तुम्ही सगळे गवंडी सायकलींवर मंगरूळला नमाजाला गेलात. बाकीचे मजूर झाडाखाली आडवे झाले. मी खांबावर चढलो. तुझा माल अजून ओला होता. पहारीने थर उचकटला, आजूबाजूची भर काढली, मडकं काढलं आणि खालच्या डोहात नेऊन बुडवलं. मग बघतो तर खांबात माणूस बसावा एवढा खड्डा. तुमच्या फोडलेल्या दगडांना हात लावला असता तर तुला लगेच कळलं असतं. म्हणून नदीतले गोटे आणून भरले. गोल गुळगुळीत गोटे, ना चुना, ना सिमेंट. वर पातळ थापी मारली, तुझ्यासारखी. तुम्ही परत आलात आणि वर पुढचा थर चढला.

बस, एवढंच. दीड तासाचं काम.

मडकं काढलं याची मला आजही लाज वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढीन. पण मी तुला सांगितलं नाही. पुरात दगड निखळला तेव्हाही सांगितलं नाही. तुला चोर म्हणाले तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो. मला वाटलं, सांगितलं तर शालिग्राम गावात म्हणेल की बघा, याने देवाचं मडकं काढलं म्हणून पूल फुटला, आणि मग आमच्या वस्तीवर काय येईल कोण जाणे. हे कारण खरं आहे. पण सगळं खरं तेवढंच नाही. मी भ्यालो होतो, सैफू. स्वतःपुरता भ्यालो होतो.

आज सकाळी हेमसिंग साहेबांच्या घरी गेलो आणि हे सगळं त्यांना लिहून दिलं. खाली सही केली. तिसरा खांब मी ठण्ण सांगितला तो भद्द आहे, हेही लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "मुकादम, नौकरी जाईन तुमची." मी म्हणालो, जाऊ द्या. मग म्हणाले, "तो गवंडी जित्ता हाय काय? ह्या खांबाचं पोट त्याच्याशिवाय कोनाले ठाव हाय?"

म्हणून हे पत्र. ये म्हणायचा मला हक्क नाही. साहेबांनी बोलावलं आहे असं समज.

माणिक


नांदेड
शनिवार, १९ एप्रिल १९७५

माणिकचाचा,

आदाब.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. अब्बांनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी वाचताना रडले, ते नाही रडले.

तुम्ही लिहिलं आहे की अब्बांना सगळं माहीत होतं. चाचा, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं की चूक त्यांचीच आहे. त्या जुम्म्याला नमाजाची घाई होती, म्हणून मजुरांना "खांबाचं पोट भरून घ्या" असं सांगून ते सायकलवर बसले, आणि परत आल्यावर ठोकून न बघता थर चढवला. मजुरांनी आळसाने गोटे टाकले आणि आपण बघितलं नाही, असं ते धरून होते. म्हणून चौकशीत गप्प राहिले. तुमच्याकडे बघितलं ते एवढ्यासाठी की मजूर तुमच्या हाताखाली होते आणि तुमचं नाव मध्ये येऊ नये.

तुम्हाला आणखी एक सांगते. तेव्हापासून अब्बा कामाच्या दिवशी कधी जुम्म्याच्या नमाजाला गेले नाहीत. मोहल्ल्यात लोक नावं ठेवायचे, अम्मी भांडायची. ते म्हणायचे, काम सोडून गेलो की काय होते ते म्या पाह्यलं हाय. त्यांनी पुन्हा दगडाचा खांबही बांधला नाही. चौदा वर्षं फक्त फरशी बसवतात.

पत्र वाचून झाल्यावर त्यांनी पेटीतून जुनी हातोडी काढली आणि तिचा दांडा तेलाने पुसला.

गुरुवारच्या बसने निघतात. त्यांनी मला असं लिहायला सांगितलं आहे: माणिकले सांग, मी त्याले भेटाले नाई येऊन राह्यलो, खांबाले भेटाले येऊन राह्यलो.

फरहत


आसेगाव
रविवार, ४ मे १९७५

फरहत बेटी,

अब्बा काल सुखरूप पोहोचले असतील. ते तुला काही सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो. त्यांच्यासमोर मोठ्याने वाच. काही चुकलं असेल तर ते टोकतीलच.

चोवीस तारखेला, गुरुवारी संध्याकाळी सैफू मंगरूळला फय्याजकडे उतरला. शुक्रवारी सकाळी फय्याजची सायकल घेऊन पुलावर आला. मी पुढे झालो. त्याने माझ्या हातातल्या पाण्याच्या लोट्याकडे बघितलं, मग हेमसिंग साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "कोनता दगड?" जणू चौदा वर्षं रोज इथेच येत होता.

त्याने स्वतः तीन दर्शनी दगड काढले. आतून गोटे गडगडत बाहेर आले. साहेब बघतच राहिले. खेमाने तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्याला काही सुचलं नाही. सैफूने एक गोटा उचलला, हातात फिरवला, नदीकडे बघितलं.

"इतके गोटे तू एकट्यानं आनले?"

"हो."

"किती खेपा?"

"आठ."

"आठ खेपा केल्या, अन् मले एक शबद नाई बोलता आला?" तो म्हणाला. बेटी, आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मडकं काढलं ते बराबर केलं तुनं. मले बी ते पसंत नोतं, मी बी पोटासाठी थर चढवला. तुनं मले सांगतलं असतं तर म्या गपचूप पक्कं भरून देल्लं असतं. शालिग्रामच्या बापाले बी पता लागला नसता."

मी खाली बसलो आणि रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, सगळ्या मजुरांसमोर. तुझे अब्बा उभे राहिले. मग म्हणाले, "माह्यावाल्या चौदा सालाचे जुम्मे कोन भरून देईन?" आणि गोटे बाहेर फेकायला लागले. मीही लागलो. आम्ही दोघांनी मिळून ते पोट रिकामं केलं.

दुपार झाली. ऊन असं की दगडाला हात लावता येईना. पोट साफ झालं होतं, भरायचं बाकी होतं, खांब उघडा होता. सैफूने साहेबांना वेळ विचारली. साडेबारा. त्याने हात धुतले, बाह्या खाली केल्या आणि सायकलीपाशी गेला. तिथून परत आला. हातोडी माझ्या हातात दिली.

"आज जुम्मा हाय," तो म्हणाला. "मी नमाज पढून येतो. खांब उघडा हाय. तू बस इथं."

मी बसलो. बेटी, मी अडीच तास त्या खांबाच्या सावलीला, उघड्या पोटासमोर बसून होतो. विमल भाकरी घेऊन आली, तिला म्हटलं परत ने. खेमा जवळ आला तर त्याला हाकललं. एक दगड कोणाला हलवू दिला नाही. मला पाणीसुद्धा प्यावंसं वाटलं नाही.

तो तीनच्या सुमाराला आला. डोक्यावर टोपी, घामाने चिंब. मला वाटलं एकदम भरायला घेईल. तो आत वाकला, सगळीकडे हात फिरवून बघितलं. मी बसलो होतो तरी बघितलं. मला वाईट वाटलं नाही, मीही बघितलं असतं. मग त्याने फोडलेल्या दगडांची भर केली, एकेक दगड अंगाला अंग लावून, प्रत्येक फटीत माल. त्याचे हात आधी जरा थांबत थांबत चालत होते. तिसऱ्या थरानंतर मागचं सगळं त्यांना आठवलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी वरून सिमेंटचा पातळ घोळ पंपाने सोडला, तो कुठून कुठून झिरपतो ते अब्बा आणि साहेब दोघं वाकून बघत होते. साहेब त्यांना "उस्ताद" म्हणायला लागले आहेत.

फाईलीतली लाल शाई पुसता येत नाही म्हणे. पण साहेबांनी माझं लिहून दिलेलं त्याच पानाला टाचलं आहे, तुझ्या अब्बांच्या नावाच्या बरोबर वर. यापुढे जो कोणी ते पान उघडेल त्याला आधी माझं वाचावं लागेल. माझी चौकशी लागली आहे. मुकादमकी राहील असं दिसत नाही. विमल म्हणते, बरं झालं, आता घरचं कुंपण बांधा. जयंतीला विहारात मी हेच सगळं सांगितलं. काही लोक उठून गेले, बरेचसे बसून राहिले. बेबीताईंनी मला घरी नेऊन चहा दिला.

आता शेवटचं. रविवारी, काँक्रीटच्या आदल्या दिवशी, सळया रोवण्याआधी खांब पुन्हा ठोकून बघायचा होता. साहेब वही घेऊन उभे राहिले. सैफू म्हणाला, "माणिकले ठोकू द्या. आवाज बी त्यानंच सांगाचा."

मी ठोकायला लागलो. नव्या भरीवर सगळे ठण्ण. मी ठण्ण म्हणायचो, साहेब लिहायचे. भरलेला भाग संपला. त्याच्या खाली डाव्या हाताला एक जुना दगड होता. मी ठोकला. आणि बेटी, तो नीट वाजला नाही. अगदी भद्द नाही, पण ठण्णही नाही. काँक्रीटची वाळू येऊन पडली होती, मजूर सांगून ठेवले होते, सूर्य माथ्यावर होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि तो दगड तुझ्या अब्बांच्या हातचा होता, एकोणसाठचा. माझ्या गोट्यांचा तिथे काही संबंध नव्हता.

मी म्हणालो, "भद्द."

साहेबांनी सैफूकडे बघितलं. सैफू पुढे आला, त्याने दगडाला कान लावला आणि मला खूण केली. मी पुन्हा ठोकलं.

"बराबर," तो म्हणाला. "हा माह्यावाला हाय." आणि खेमाकडे छिन्नी मागितली.

तुझा चाचा,
माणिक